शेवट आधीच लिहायला लावू नका : संशोधन सल्लागार समित्यांना खुले पत्र

प्रति,
शिक्षणशास्त्र व समाजकार्य विषयांच्या संशोधन सल्लागार समित्यांचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील विद्यापीठे व संशोधन केंद्रे

सप्रेम नमस्कार.

पीएच.डी.साठी कृतिसंशोधन, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी बदल करत करत त्यातूनच शिकण्याचे संशोधन, करू पाहणारा विद्यार्थी तुमच्यासमोर पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याच्या आराखड्याचे शीर्षक बहुधा असे असते : ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या वजाबाकीतील चुका कमी करण्यासाठी कृतिकार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. मग पूर्वचाचणी, वीस दिवसांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा). शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘काहीच फरक पडत नाही’ या गृहीतकाचा, त्याग. प्रकरणे पाच. शीर्षकात ‘परिणामकारकता’ आली की निष्कर्ष काय निघणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी आराखडा मंजूर होतो. शीर्षक असे नसेल, तर तसे करून आणायला सांगितले जाते.

आमचे म्हणणे या एकाच मुद्द्याभोवती आहे. कार्यक्रम आधी पक्का करायचा, राबवायचा आणि मग मोजायचा, याला प्रयोग म्हणतात. प्रयोगात वाईट काही नाही. ज्याला करायचा त्याने नियंत्रित गट (ज्याला कार्यक्रम दिलेला नाही असा), नमुना, यादृच्छिक निवड असे सगळे नीट सांभाळून करावा. कृतिसंशोधनात मात्र काम करता करता प्रश्नच सरकतो. आणि आराखड्यात शेवट लिहून मोकळा झालेला विद्यार्थी सरकलेला प्रश्न लपवायला शिकतो. पीएच.डी.च्या तीन-चार वर्षांत त्याला मिळणारा हा सगळ्यात पक्का धडा असतो, आणि तो चुकीचा असतो.

कुर्ट लेविन यांनी १९४६ साली या पद्धतीचे वर्णन केले ते गोल जिन्यासारखे : नियोजन, कृती, कृतीतून काय झाले याचा शोध, त्यावरून पुन्हा नियोजन, म्हणजे चक्रामागून चक्र. १९५३च्या सुमारास स्टीफन कोरी यांनी ती अमेरिकेतल्या शाळांमध्ये रुजवायचा प्रयत्न केला. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये शिक्षक हाच संशोधक असा आग्रह धरला, तर कोलंबियाचे ओर्लांडो फाल्स-बोर्डा यांनी ज्यांचा प्रश्न त्यांनाच संशोधनात बरोबरीने बसवले. आपल्याकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर भागातील आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेवर सत्तरच्या दशकात झालेले काम याच वाटेवरचे. एवढा सगळा वारसा असताना आपण पीएच.डी.ला नमुना म्हणून उचलतो ती बी.एड.ची कृतिसंशोधनाची फाइल. ती फाइल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे कशी सरकते, हे आम्ही तुम्हाला सांगायची गरज नाही.

प्रश्न सरकतो म्हणजे काय, ते वजाबाकीवरूनच पाहू.

चौथीच्या पूर्वचाचणीत ५२ − २७ हे उदाहरण आहे आणि बऱ्याच मुलांनी उत्तर ३५ लिहिले आहे. तपासणारा फुली मारतो, शून्य गुण देतो, ‘हातच्याची वजाबाकी येत नाही’ अशी नोंद करतो. पण ३५ हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येते. एक मूल मोठ्यातून लहान वजा करते : ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसरे मूल दशक सुटा करते, १२ मधून ७ वजा करून ५ लिहिते, आणि दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरते : ५ मधून २ गेले ३. उत्तर तेच, अडचण निराळी. पहिल्याला स्थानिक किंमत कळलेली नाही. दुसऱ्याला ती कळली आहे, लिहिताना एक पायरी सुटते. दोघांना एकच वीस दिवसांचा कार्यक्रम दिला तर एकाचा वेळ वाया जातो.

एककाच्या घरातल्या दोन अंकांत नेमका ५चा फरक असला की असे होते, कारण १२ − ७ आणि ७ − २ दोन्ही ५च. उदाहरण ५३ − २७ केले की चुका वेगळ्या होतात : पहिले मूल ३४ लिहिते, दुसरे ३६. त्यामुळे पहिल्या चक्राचे पहिले काम असते चाचणीतले अंक बदलणे आणि प्रत्येक मुलाला पाच मिनिटे जवळ बसवून ‘हे कसं केलंस ते बोलत बोलत कर’ असे सांगणे. तेवीस मुलांचा वर्ग धरला तर सुमारे दोन तासांचे काम. टी-मूल्याने हे कधीच कळले नसते.

मग तिसराच प्रकार निघतो. एखादे मूल श्रुतलेखनात ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिते, कारण मराठी संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आणले आणि त्यावर मोठा वाद झाला तो याच अडचणीवरून. घरात सत्तावीस, पुस्तकात वीस सात, गुरुजी दोन्ही म्हणतात. आता अभ्यास हातच्याचा उरला का? दुसऱ्या चक्रात तो संख्यावाचनाकडे गेला, तर ते विद्यार्थ्याचे अपयश धरायचे की हाच त्याचा शोध? प्रगती अहवालात ‘शीर्षकाशी विसंगत’ असा शेरा मारला की तो पुढच्या वेळी मूळ शीर्षकाला जुळणारे आकडे घेऊन येतो. ते आकडे कुठून येतात हा प्रश्न मग समितीत कोणी विचारत नाही.

म्हणून आराखड्यात काय मागावे, ते सांगतो. पहिल्या चक्राचा तपशील पूर्ण मागा : कुठली शाळा, कोण सहभागी, किती आठवडे, काय करणार, काय पाहणार. दुसऱ्या चक्रासाठी कार्यक्रम मागू नका, निर्णयाचे नियम मागा : पहिल्यात अमुक दिसले तर हे, तमुक दिसले तर ते, आणि ठरवणार कोणकोण. तिसऱ्याची जागा रिकामी ठेवू द्या. शीर्षकात ठिकाण आणि प्रश्नाचे क्षेत्र पुरे; ‘परिणामकारकता’ नको. आणि शीर्षकात किरकोळ बदल करण्याची मुभा पहिल्याच मंजुरीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. नाही तर तीन वर्षांनी त्या एका शब्दासाठी सहा कागद फिरवावे लागतात.

वेळेचे गणित हा पुढचा मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क (पीएच.डी.चा सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन वर्षे आणि कमाल सहा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे, आणि दर सत्राला तुमच्यासमोर सादरीकरण. दुसरीकडे शाळेचे स्वतःचे वर्ष आहे, आणि ते विद्यापीठाचे ऐकत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात जूनच्या शेवटी. पहिले पंधरा दिवस प्रवेश, पुस्तके, गणवेश यांत जातात. चक्रासाठी खरी जागा जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, सणवार वजा जाता सहा-सात आठवडे. मग सत्र परीक्षा, दिवाळी. दुसरी जागा दिवाळीनंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत, तीही स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि सहली यांच्या फटींतून. फेब्रुवारीनंतर शाळेत फक्त परीक्षा राहते. निवडणूक लागली तर शिक्षकच जातात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ने निवडणूक, दशवार्षिक जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामे त्यांच्याकडे ठेवलीच आहेत.

म्हणजे वर्षाला दोन चक्रे, त्याहून जास्त नाहीत. तीन चक्रांना दीड शैक्षणिक वर्ष लागते, आणि दोन चक्रांच्या मध्ये निदान दोन आठवडे रिकामे हवेत, नाही तर मागच्यातून शिकून पुढचे ठरवायला वेळच राहत नाही. ‘१५ जुलै ते १५ ऑगस्ट : चक्र १, २, ३’ असे वेळापत्रक आराखड्यात दिसले तर तिथेच थांबवा, ती तीन चक्रे नाहीत, एकाच कार्यक्रमाचे तीन हप्ते आहेत. तुमच्या हातात असलेली एक सोपी गोष्ट : मंजुरी एप्रिलपर्यंत द्या. डिसेंबरात मिळालेल्या मंजुरीने विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेत घुसतो, तेव्हा शिक्षकांना तो नकोसा असतो आणि मुलांना कळत नाही हा कोण.

पुरावा कसा गोळा करायचा याचे प्रशिक्षण कोर्सवर्कमध्ये जवळपास नसतेच. संख्याशास्त्राचे तास भरपूर, नोंदवहीचा एकही नाही. कृतिसंशोधनाचा पाया मात्र नोंदवही आहे. ती अशी ठेवायला शिकवा : उजव्या पानावर काय घडले, कोण काय बोलले, किती वाजता, डाव्या पानावर त्या वेळी संशोधकाला काय वाटले, काय बोलायचे राहून गेले. नोंद त्याच संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद गुळगुळीत होते. अडखळणे, गैरसमज, नकार हेच आधी गळतात. जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही, नवे सुचले तर नव्या तारखेने खाली जोडायचे. डावी पाने कोरी असलेली वही समितीने परत करावी.

ध्वनिमुद्रणाचा मोह विद्यार्थ्यांना असतो, कारण फोन खिशात आहे. एक तासाचे मुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. चार-पाच शिक्षक एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. दहा बैठका म्हणजे पन्नास तास. सगळे उतरवायचे नसते. सगळे ऐकायचे, आणि जिथे मत बदलले, वाद झाला किंवा निर्णय झाला ते उतरवायचे. आणि जसे बोलले तसे. शिक्षिका वऱ्हाडीत किंवा अहिराणीत बोलली असेल तर ती प्रबंधात पुणेरी होता कामा नये. ‘सहभागी शिक्षिकेने असमाधान व्यक्त केले’ या वाक्यात ती काय म्हणाली ते हरवते, आणि पुरावाही.

याशिवाय निर्णय-नोंद नावाचा एक कागद. दरवेळी बेत बदलला की अर्धे पान : तारीख, काय बदलले, कशावरून, कोण सहमत होते, कोण नव्हते, आणि काय दिसले तर आपण चुकलो असे समजायचे. तीन चक्रांत असे पंधरा-वीस कागद जमतात. प्रबंधाचा कणा तेच. शेवटचा रकाना विद्यार्थी हमखास रिकामा ठेवतात. तो भरून घेणे हे मार्गदर्शकाचे काम आहे.

आता आकड्यांविषयी, कारण समितीत सर्वाधिक वेळ त्यांवर जातो. कृतिसंशोधनात आकडे वर्ज्य नाहीत. पण वर्गातली सर्वांत कच्ची दहा मुले निवडून, त्यांना कार्यक्रम देऊन, महिन्याने त्यांचे गुण वाढले म्हणून आनंद करण्यात अर्थ नाही. सर्वांत कमी गुण पडलेल्यांत काहींचा तो दिवसच वाईट होता. काही न करताही पुढच्या चाचणीत त्यांचे गुण सरासरीकडे सरकतात. त्यात तीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्याचा सराव. त्यात महिनाभराचे नेहमीचे शिकवणे. टी-मूल्य या तिन्हींना वेगळे काढत नाही. त्याच शाळेतली दुसरी तुकडी नियंत्रित गट म्हणून धरली तर मधल्या सुट्टीत दोन्ही तुकड्यांचे शिक्षक एकत्र चहा पितात, आणि साहित्य एकीकडून दुसरीकडे जाते. ते जावे हीच तर कृतिसंशोधकाची इच्छा असायला हवी! तेव्हा दहा मुलांची सरासरी काढण्यापेक्षा दहा मुलांच्या दहा ओळी मागा : कोणाची कुठली चूक, ती कधी गेली, परत आली का, दिवाळीच्या सुट्टीनंतर काय उरले.

संमतीविषयी आम्हाला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांत नोकरीत असलेले बरेच : मुख्याध्यापक, शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख, प्रशिक्षण संस्थेतले अधिव्याख्याता. केंद्रप्रमुखाने आपल्याच केंद्रातल्या शिक्षकाला संमतिपत्र पुढे केले, तर तो ‘हो साहेब’ म्हणून सही करतो. त्या सहीला संमती म्हणायचे का? शिक्षणाधिकाऱ्यांचे परवानगीपत्र प्रबंधाच्या परिशिष्टात लावतात, पण त्या पत्राने फक्त फाटक उघडते. आतल्या कोणाचीही संमती त्यात नसते.

उपाय अवघड नाहीत. शक्य तर दुसरे केंद्र निवडावे. स्वतःचेच घ्यायचे असेल तर संमती तिसऱ्या व्यक्तीने घ्यावी आणि नकार देणाऱ्यांची यादी शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत संशोधकाला दाखवू नये. संमती दर चक्राला नव्याने, कारण दुसऱ्या चक्रात काय होणार हे पहिल्याच्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. मुलांबाबत पालकांची सही आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही. आणि मधली सुट्टी संशोधनासाठी घ्यायची नाही. मुलांच्या बाजूने हा नियम कोणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

नाव बदलल्याने ओळख झाकते असेही नाही. ‘अमुक तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेतील सहशिक्षिका’ एवढे लिहिले की तालुक्यात सगळ्यांना कळते. अशा वेळी तपशील ढोबळ करावा, किंवा शिक्षिकेला विचारून तिचे नावच श्रेयासकट छापावे. काहींना ते हवेही असते. छापण्यापूर्वी तिच्याविषयीची पाने तिला वाचायला द्यायची, एवढे मात्र सक्तीचे करा.

दोन कामे एकाच वेळी चालतात हे विद्यार्थ्याला पहिल्या सत्रातच सांगायला हवे. एक काम शाळेतले, शिक्षकांसोबतचे. त्याचे यश-अपयश त्यांचे सगळ्यांचे. दुसरे प्रबंधाचे, ते त्याचे एकट्याचे. पहिले फसले तरी दुसरे उत्तम होऊ शकते : कार्यक्रम का बंद पडला, कोणी कुठे माघार घेतली, कोणता अंदाज चुकला, याचे पुराव्यानिशी विवेचन हे ज्ञानच आहे. उलटही घडते, शाळा सुधारते आणि प्रबंधात सांगण्यासारखे काही नसते, कारण नोंदी ठेवलेल्या नसतात. जिल्हांतर्गत बदल्यांत मुख्य सहभागी शिक्षकच दुसऱ्या तालुक्यात जातो, हे तर ठरलेलेच. म्हणून एका शाळेत निदान दोघे-तिघे सहभागी हवेत आणि बदलीनंतर काम कोण पुढे नेणार ते पहिल्या बैठकीत ठरायला हवे. शाळेला चार पानांचा मराठी अहवाल पुढचे सत्र सुरू होण्याआधी मिळायला हवा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढलेला तीनशे पानी प्रबंध शाळेच्या काही कामाचा नाही.

विद्यार्थ्याला एकट्याला सोडू नका. चार-पाच जणांचा पडताळणी गट मागा : त्याच शाळेतला एक शिक्षक, बाहेरच्या शाळेतला एक, शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक, दुसऱ्या विषयाचा एक संशोधक. मार्गदर्शक त्यात नको. चक्र संपले की विद्यार्थ्याने आपला दावा आणि त्यामागचा पुरावा आठवडाभर आधी त्यांना द्यावा आणि बैठकीत त्यांनी तो फोडून पाहावा. होयबांचा गट काही कामाचा नाही, पण पालक हजर असेल तर सहसा तशी वेळ येत नाही. ‘मग माझ्या पोराला अजून दुकानात हिशेब का जमत नाही?’ हा प्रश्न कोणत्याही बहिस्थ परीक्षकापेक्षा धारदार असतो. तिन्ही बैठकांची इतिवृत्ते परिशिष्टात हवीत, मतभेदांसह.

एक किरकोळ वाटणारी, पण किरकोळ नसलेली गोष्ट. ‘प्रस्तुत संशोधनात संशोधिकेने…’ ही भाषा कृतिसंशोधनात चालत नाही. ज्या निर्णयाला ती स्वतः जबाबदार आहे तिथे तिने ‘मी’ लिहावे, आणि शिक्षकांसोबत घेतलेल्या निर्णयाला ‘आम्ही’. कुठे ‘मी’ आणि कुठे ‘आम्ही’ हे ठरवताना तिची जी ओढाताण होते, तीत सत्तेचा प्रश्न आपोआप दिसतो. टंकलेखकाने किंवा मार्गदर्शकाने ते पुसू नये.

शेवटी बहिस्थ परीक्षक. नियमाने किमान दोन. त्यातला एक जरी प्रयोगपद्धतीतला निघाला, तर तो ‘नमुना लहान, सार्वत्रिकीकरण अशक्य’ असा शेरा मारतो आणि विद्यार्थी मौखिक परीक्षेत माफी मागत बसतो. प्रबंधासोबत समितीच्या सहीचे एक पान पाठवा : हा प्रबंध कशावर तपासायचा. प्रश्न कसा आणि कशावरून बदलला हे दाखवले आहे का. विरुद्ध जाणारा पुरावा ठेवला आहे का. ज्यांच्यासोबत काम झाले त्यांचा निर्णयांत खरा हात होता का. त्या जागी काही बदलले का, नसेल तर का नाही. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला यातून काय उचलता येईल, आणि काय येणार नाही.

येत्या सत्राच्या सादरीकरणाला विद्यार्थी आला की पीपीटी सुरू करण्याआधी त्याच्याकडून नोंदवही मागून घ्या. मधले कोणतेही एक पान उघडा. त्या दिवशी काय घडले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काय वेगळे केले, एवढेच विचारा. उत्तराला दहा मिनिटे द्या.

कळावे,
आपले,
कृतिसंशोधन करणारे व शिकवणारे काही जण